वक्ता येण्याआधी आणि वक्ता गेल्यानंतर

निवृत्तांसाठी काही शिकण्याचं सुरू करायचं म्हटलं, की सगळ्यांना आधी पाहुणा वक्ता आठवतो. सभागृह मिळवायचं, महिन्यातून एकदा एखाद्या जाणकाराला बोलवायचं. परिचय, व्याख्यान, चार प्रश्न, आभार. आमचीही सुरुवात अशीच झाली. वक्ते चांगले मिळाले, गर्दी झाली, मागे उभं राहून लोकांनी ऐकलं. पण पंधरवड्याने कुणालाही विचारावं, की त्या दिवशी वक्त्यांनी नेमकं काय सांगितलं, तर उत्तर ठरलेलं असायचं: "फार छान बोलले हो." काय बोलले, ते निसटलेलं असायचं. माझंही तसंच व्हायचं आणि ते मनाला लागायचं. नोकरीची सगळी वर्षं मी हिशेब खात्यात काढली. निवृत्तीनंतर मला वेळ घालवायचा नव्हता. शाळेत अर्धवट राहिलेला भूगोल पुन्हा शिकायचा होता, आकाश ओळखायचं होतं, गणिताची भीती काढायची होती. एका व्याख्यानानंतर आम्ही काहीजण मागे थांबलो आणि हे बोलून दाखवलं, तेव्हा कळलं की ही रुखरुख अनेकांना आहे. त्या बोलण्यातून आमचा अभ्यासगट उभा राहिला.

आधी इतरांनी काय केलं आहे ते वाचून काढलं. फ्रान्समधल्या तुलूझ इथे १९७३ मध्ये पिएर व्हेलास या प्राध्यापकांनी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू केलं. नोकरी आणि मुलंबाळं यांच्या जबाबदाऱ्या संपल्यानंतरचा, पण परावलंबी होण्याआधीचा काळ म्हणजे तिसरं वय. तिथे विद्यापीठातले प्राध्यापक शिकवत आणि निवृत्त मंडळी ऐकत. हीच कल्पना १९८१-८२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये गेली. केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि शिक्षणतज्ज्ञ एरिक मिडविंटर यांनी ती उचलली, पण तिची घडी पार बदलली. प्राध्यापक नाहीत, प्रवेशाची अट नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. सभासदच शिकवणार आणि सभासदच शिकणार. त्याहून जुनं उदाहरण स्वीडनचं. तिथे १९०२ मध्ये ऑस्कर ऑल्सन यांनी लुंड शहरात अभ्यासमंडळ सुरू केलं. थोडे लोक, हाताशी पुस्तकं, गटप्रमुख असला तरी तो बाकीच्यांच्या बरोबरीचा. शिक्षक मिळत नाही म्हणून शिकणं थांबवायचं नाही, हा त्यातला विचार मला फार भावला.

तुलूझच्या वाटेने गेलं तर माहिती पक्की मिळते, पण श्रोता श्रोताच राहतो. केंब्रिजच्या वाटेने गेलं तर प्रत्येकजण कामाला लागतो, पण गटात ज्या विषयाचं कुणीच नाही तो विषय बाहेर राहतो. आम्हाला दोन्ही हवं होतं. मग ठरलं, की वक्ता बोलवायचा, पण त्याच्या आधी गटाने स्वतः त्या विषयात शिरायचं आणि तो गेल्यानंतर पुन्हा एकदा त्याच विषयाला बसायचं. एक विषय, तीन बैठका. ऐकायला साधं वाटतं, पण पहिल्या बैठकीला निम्मे लोक आले. वक्ता नाही, तर यायचं कशाला, असं बऱ्याच जणांना वाटलं. त्यात त्यांची चूक नव्हती. आयुष्यभर शिकणं म्हणजे समोर बसून ऐकणं हीच सवय लागलेली असते.

त्या बैठकीत आम्ही फळ्यावर दोन रकाने काढले. एकात ‘मला शिकायचं आहे’, दुसऱ्यात ‘मला सांगता येईल’. पहिला रकाना भराभर भरला: ग्रहणं, पक्षी, संगणक, जुनी लिपी, शेअर बाजार म्हणजे नेमकं काय, शास्त्रीय संगीत कसं ऐकायचं, नकाशे कसे काढतात. दुसरा रकाना कोराच. "आम्हाला काय येतं?" हे वाक्य एकामागून एक सगळ्यांनी म्हटलं. तीस-पस्तीस वर्षं एखादं काम हाताखालून गेलेली माणसं होती ती. पण आपलं काम म्हणजे ज्ञान आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून आम्ही प्रश्न बदलला. ‘तुम्हाला काय येतं’ असं न विचारता ‘कामाच्या दिवसात सकाळी गेल्यावर पहिल्यांदा काय करायचात’ असं विचारलं. मग मात्र थांबवावं लागलं. एकजण पुलांच्या पायासाठी जमिनीची चाचणी करणाऱ्या पथकात होते. एक आजी देवीच्या लसी टोचायला गावोगाव हिंडलेल्या. एकांनी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून संगणकापर्यंत सगळी स्थित्यंतरं पाहिलेली. दुसरा रकाना त्या दिवशी पहिल्याहून लांब झाला.

परिचयाचा नियमही तेव्हाच बदलला. पूर्वी प्रत्येकजण नाव आणि शेवटचं पद सांगायचा. त्यातून लगेच उतरंड लागायची. मोठ्या हुद्द्यावरून आलेल्यांना लोक ‘साहेब’ म्हणायचे आणि त्यांच्या मताला कुणी हात लावायचा नाही. आता नाव सांगायचं आणि सध्या काय शिकावंसं वाटतं ते सांगायचं. हुद्दा ओघात कळतो तेव्हा कळतो. मला हा गटातला सगळ्यात महत्त्वाचा नियम वाटतो. निवृत्तीनंतर पद जातं याचं अनेकांना मोठं दुःख असतं, ते मी जवळून पाहिलं आहे. पण त्या दुःखावर जुन्या पदाचं नाव पुन्हापुन्हा घेऊन उपाय होत नाही. कोऱ्या वहीवर सगळ्यांच्या बरोबरीने बसलं की माणूस हळूहळू मोकळा होतो.

आणि मग एक बाई उठून म्हणाल्या, "आमची कुठे निवृत्ती? आम्ही नोकरीच केली नाही. आम्ही यायचं का?" त्या जन्मभर घर सांभाळणाऱ्या. येताना पिशवीत क्रोशाची सुई आणि दोरा असायचाच, ऐकता ऐकता हात चालू. हा प्रश्न त्यांनी विचारला ते फार बरं झालं, कारण आमच्या फलकावर ‘सेवानिवृत्तांसाठी’ असं लिहिलेलं होतं आणि त्या एका शब्दाने किती बायका दारातूनच परत गेल्या असतील कोण जाणे. फलक त्याच आठवड्यात बदलला. पण गोष्ट तिथे थांबली नाही.

गटात एक निवृत्त गणित शिक्षक होते. त्यांनी विणकाम पाहून एक गोष्ट सांगितली. युक्लिडच्या भूमितीतलं पाचवं गृहीतक, म्हणजे समांतर रेषांबद्दलचं, इतर गृहीतकांवरून सिद्ध करता येतं का यावर गणितज्ञ जवळजवळ दोन हजार वर्षं डोकं लढवत होते. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की ते गृहीतक सोडून दिलं तरी एक सुसंगत भूमिती तयार होते. त्या भूमितीत दिलेल्या रेषेला बाहेरच्या एका बिंदूतून न छेदणाऱ्या अनेक रेषा काढता येतात आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. असा पृष्ठभाग हातात धरता येईल असा कसा बनवायचा, हा प्रश्न होता. कागदाची प्रतिकृती नाजूक, लगेच फाटायची. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिना या लॅटव्हियन गणितज्ञ बाईंनी ती चक्क क्रोशाने विणली.

सरांनी हे सांगितलं आणि बाईंनी विचारलं, "टाके कसे वाढवले?" प्रश्न अगदी मुळावर होता. सपाट गोल विणायचा तर प्रत्येक फेरीत ठरलेले तेवढेच टाके वाढवायचे, हे विणणारीला पाठ असतं. टायमिनांनी वाढीचं प्रमाण ठरवलं; म्हणजे समजा प्रत्येक पाच टाक्यांमागे एक टाका जास्त. फेरी जितकी मोठी, तितकी तिच्यातली वाढही मोठी. मग काठ झपाट्याने लांबतो, त्याला सपाट राहायला जागा उरत नाही आणि तो लाटांसारखा दुमडत जातो. "म्हणजे झालर," बाई म्हणाल्या. पुढच्या बैठकीला त्या तळहाताएवढी झालर विणून घेऊन आल्या. सरांनी ती घडी घालून त्यावर सरळ रेषा कशी मिळते ते दाखवलं, तीन घड्या घालून त्रिकोण केला आणि आम्ही त्याचे कोन हाताने चाचपून पाहिले. निमुळते, चिमटलेले. बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाक्यांबद्दल बोलत होत्या आणि सर रेषांबद्दल, आणि दोघं एकच गोष्ट सांगत होते. गणिताची भीती जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. त्या बैठकीला कुणीही पाहुणा नव्हता.

पाहुणा असलेल्या विषयांत भूगर्भाचा विषय सगळ्यात चांगला जमला, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते. आमच्यातल्या बहुतेकांच्या शालेय पुस्तकात खंड जागच्या जागी होते. भूखंड सरकतात ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्येच मांडली होती, पण ते सरकतात कशाच्या जोरावर याचं पटेल असं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि भूवैज्ञानिकांनी ती बराच काळ बाजूला ठेवली. सर्वमान्य झाली ती १९६० च्या दशकात, आणि पाठ्यपुस्तकांत उतरायला आणखी वेळ गेला. म्हणजे आम्ही शाळेत शिकलो त्यातला मोठा भाग आमच्या डोळ्यांदेखत जुना झाला आणि आम्हाला पत्ता नाही. हे लक्षात आल्यावर गटात जी उत्सुकता आली ती आधी कोणत्याही विषयाला आली नव्हती.

पहिल्या बैठकीत आम्ही जगाचा नकाशा कापून दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका जुळवून पाहिले, आणि मेरी थार्प यांच्याबद्दल वाचलं. १९५० च्या दशकात जहाजांनी घेतलेल्या खोलीच्या नोंदी जुळवत त्या अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढत होत्या आणि मध्यभागच्या पर्वतरांगेतून जाणारी एक लांब दरी त्यांना दिसली. आकड्यांच्या रकान्यांतून पृथ्वीची भेग सापडली, या गोष्टीने माझ्यातली हिशेबनीस हरखून गेली. त्या बैठकीच्या शेवटी आम्ही वक्त्यांसाठी प्रश्न लिहून काढले. दगड इतका कठीण, तर तो वाहतो कसा? सरकण्याचा वेग मोजतात कसा? भूकंपाचं भाकीत का करता येत नाही? हे प्रश्न वक्त्यांना आधीच पाठवले.

वक्ते भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी नेहमीचं भाषण बाजूला ठेवून आमच्या प्रश्नांनाच धरून बोलायचं ठरवलं. वेग वर्षाला काही सेंटिमीटर, बोटांची नखं वाढतात साधारण तितका, हे सांगून ते उपग्रहांच्या मोजणीकडे वळले. खालचा खडक घनच असतो, पण उष्णता आणि दाब यांमुळे प्रचंड काळात तो मंदपणे वाहतो, हे त्यांनी नीट उलगडलं. भूकंपाच्या प्रश्नावर भाकीत आणि शक्यतेचा अंदाज यांतला फरक सांगितला: अमुक पट्ट्यात पुढच्या काही दशकांत मोठा भूकंप होण्याची शक्यता किती, हे सांगता येतं, अमुक दिवशी होईल, हे नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर अजून शोधलं जातंय तिथे तसं स्पष्ट म्हणाले. आमच्या मंडळींना हे फार आवडलं.

तिसऱ्या बैठकीला पुलांच्या पथकातले काका एक जड पेटी घेऊन आले. जमिनीत खोलवर नळी घालून काढलेले दगडाचे दंडगोल, त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेले. वर झिजलेला, भुसभुशीत खडक, खाली घट्ट, मध्येच एक भेग आणि तिच्यात साठलेली माती. पायासाठी कुठपर्यंत जायचं हे कसं ठरवतात ते त्यांनी सांगितलं. प्राध्यापकही ऐकायला आले होते, श्रोत्यांत बसले आणि वहीत लिहून घेत होते. पुढे काही विषयांना वक्ते स्वतःहून तिसऱ्या बैठकीला येऊ लागले, त्याची सुरुवात ही.

तिसऱ्या बैठकीची सुरुवात आम्ही एका ठरावीक पद्धतीने करतो. वह्या मिटायच्या, कोरा कागद घ्यायचा आणि वक्त्यांचं जे आठवतं ते लिहायचं. आम्ही तिला आठवणफेरी म्हणतो. पहिल्यांदा लोक घाबरले, परीक्षा घेताय की काय म्हणाले. कागद कुणाला दाखवायचा नाही, असं सांगितल्यावर तयार झाले. लिहून झालं की एकेकजण एकेक मुद्दा सांगतो, बाकीचे भर घालतात आणि मग वह्या उघडून काय सुटलं ते पाहतो. यामागे पक्का आधार आहे. स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं, की नवं शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं. आणि २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आठवड्यानंतर जास्त राहतो. ते प्रयोग तरुण विद्यार्थ्यांवर झालेले होते, पण आमच्या गटातला फरक डोळ्यांना दिसण्याइतका आहे. ‘छान बोलले’ हे उत्तर आता ऐकू येत नाही.

"या वयात डोक्यात काही शिरत नाही" हे मात्र अजून ऐकू येतं, आणि त्यावर मी दरवेळी थांबून बोलते. कॅटेल आणि हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी बुद्धीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. अगदी नव्या कोड्यावर झटपट तोडगा काढण्याची क्षमता वयाबरोबर उतरते. पण साठलेलं ज्ञान, शब्दसंपदा, अनुभवाने आलेली समज बराच काळ टिकते, काहींची वाढतेही. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिॲटलमध्ये सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासलं, आणि वयाच्या आकड्यापेक्षा माणसामाणसांतला फरक किती मोठा असतो हे त्यात दिसलं. आम्ही यातून व्यवहारातला धडा इतकाच घेतला, की नवी गोष्ट सावकाश आणायची आणि ती आधीच्या माहितीला जोडून आणायची. वेग कमी केला तर शिकणं कमी होत नाही.

स्मृतिभ्रंशाबद्दलही लोक विचारतात. २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने बदलता येण्याजोगे १४ धोक्याचे घटक मांडले, त्यांत कमी शिक्षण, श्रवणदोष आणि समाजापासून तुटलेपण हे तीनही आहेत. हे मी सांगते. पण गटात या म्हणजे विसराळूपणा टळेल, असं आश्वासन आम्ही कुणालाही देत नाही. औषध म्हणून शिकायला बोलावणं मला पटत नाही. शिकावंसं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे.

आता जागेबद्दल, कारण चांगली व्याख्यानं जागेपायी वाया गेलेली मी पाहिली आहेत. वयाने येणाऱ्या श्रवणदोषात आधी उच्च पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ असे वर्ण पुसट होतात. म्हणून माणूस म्हणतो, "आवाज येतोय, पण कळत नाहीये." अशा वेळी वक्त्याने नुसतं ओरडून उपयोग नसतो. "मला माईक लागत नाही, माझा आवाज खणखणीत आहे," असं म्हणणाऱ्या प्रत्येक वक्त्याला आम्ही नम्रपणे माईक देतोच. प्रश्न विचारणाऱ्यालाही देतो, आणि तरीही सूत्रसंचालकाने प्रश्न पुन्हा म्हणायचा असतो. घुमणारी खोली श्रवणयंत्राची शत्रू, कारण यंत्र प्रतिध्वनीही मोठा करतं. जाड पडदे आणि जमिनीवर सतरंजी टाकल्यावर आमच्या खोलीत लगेच फरक पडला. काही श्रवणयंत्रांत टेलिकॉइल, म्हणजे चुंबकीय संकेत पकडणारी छोटी तारेची गुंडाळी असते. खोलीत इंडक्शन लूप, म्हणजे असे संकेत सोडणारी तार बसवली तर माईकचा आवाज थेट यंत्रात जातो. आमच्याकडे अजून ती नाही, तिच्यासाठी प्रयत्न चालू आहेत. खुर्च्या रांगेत न लावता अर्धगोलात लावतो, म्हणजे बोलणाऱ्याचे ओठ दिसतात.

डोळ्यांचंही तसंच. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. पडद्यावर चित्रं नीट दिसावीत म्हणून सगळे दिवे बंद केले, तर निम्म्यांना वही दिसत नाही आणि स्वच्छतागृहाकडे जाताना पडण्याची भीती. म्हणून पुढचे दिवे बंद, मागचे चालू. वेळ सकाळची, तेव्हा बहुतेकांना तरतरी असते आणि अंधार पडायच्या आत घरी पोचता येतं. पंचेचाळीस मिनिटं व्याख्यान, मधली सुट्टी, मग प्रश्न. सुट्टीच्या आधी प्रश्न घेतले तर मोजकेच लोक बोलतात. सुट्टीत दोघा-तिघांत कुजबुज झाली की नंतर धीर येतो.

वक्त्यांना आम्ही एक पत्र पाठवतो, त्यात हे सगळं असतं आणि आणखी दोन गोष्टी असतात. पहिली: श्रोते रुग्ण आहेत असं समजून बोलू नका. ज्येष्ठांपुढे बोलायचं म्हटलं की गुडघे, साखर, मनःशांती आणि मृत्युपत्र एवढेच विषय सुचणारे चांगले चांगले लोक आहेत. हेही विषय लागतात, आम्ही ते घेतोही. पण कृष्णविवरांवर, भाषांच्या उगमावर, मधमाश्यांच्या नाचावर आमच्याशी तितक्याच गंभीरपणे बोला, इतकं आमचं मागणं आहे. दुसरी: इथे काहीही विकायचं नाही. एकदा गुंतवणुकीवर बोलायला आलेल्या वक्त्यांनी भाषणाच्या शेवटी अर्ज वाटायला सुरुवात केली आणि दारात फोन नंबर लिहून घ्यायला माणूस उभा केला. कार्यक्रम तिथेच थांबवावा लागला. तेव्हापासून वक्ता कोणत्या संस्थेशी बांधलेला आहे हे आधी विचारतो, आणि सभासदांची यादी कुणालाही देत नाही. निवृत्तांकडे एकरकमी पैसा असतो आणि विश्वासाने ऐकायची सवय असते. हे ओळखून येणारे लोक असतात. नवा गट काढणाऱ्यांनी हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा.

गटातलं बोलणं वाटून घेणं हे सगळ्यात नाजूक काम. एखादे गृहस्थ बोलायला लागले की थांबत नाहीत आणि वयामुळे त्यांना कुणी थांबवत नाही. घरी ऐकायला कुणी नसतं म्हणून ते इथे बोलतात, हे समजतं, तरी बाकीच्यांचा वेळ जातो. आम्ही फेरीची पद्धत ठेवली: आधी प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. नको असेल त्याने ‘पुढे’ म्हणायचं. या फेरीमुळे ज्या बायका बरेच महिने गप्प बसल्या होत्या त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. सूत्रसंचालन आळीपाळीने येतं, त्यामुळे फार बोलणाऱ्यांवरही कधीतरी घड्याळ सांभाळायची पाळी येते, आणि तेव्हा ते ती फार काटेकोरपणे सांभाळतात.

आजारपण, ऑपरेशन, जोडीदाराची शुश्रूषा, यांमुळे लोक मध्येच येईनासे होतात. त्यांच्यासाठी ठळक अक्षरांत टिपण काढतो आणि कुणीतरी फोनवर वाचून दाखवतो. पाठवून देण्यापेक्षा वाचून दाखवणं बरं, कारण वाचता वाचता प्रश्न निघतात. व्हिडिओ कॉलवरही काहीजण जोडले जातात, पण खोलीतल्यांचं बोलणं त्यांना धड ऐकू जात नाही, म्हणून त्यांच्यासाठी एकाने कॉलजवळ बसून प्रश्न मांडायचा असं ठरलं आहे.

गट वाढला तसा आम्ही तो दोनात विभागला. वीसच्या वर माणसं झाली की फेरी संपत नाही आणि गट पुन्हा श्रोत्यांची सभा होतो. विभागताना काहींना वाईट वाटलं. जिवलग वेगळ्या गटात गेले. व्याख्यान अजून एकत्रच होतं, आधीची आणि नंतरची बैठक वेगळी. प्रमाणपत्रं द्यावीत का, यावर मात्र आमचं एकमत झालेलं नाही. ज्यांना परिस्थितीमुळे शाळा सोडावी लागली त्यांना कागद हवा आहे, आणि त्यांचं म्हणणं मी सहज बाजूला सारू शकत नाही. परीक्षा नको म्हणणारे आम्ही बहुतेक पदवीधर आहोत.

पुढचा विषय देवी रोगाचा आणि लसीचा आहे: एडवर्ड जेनर यांच्या १७९६ मधल्या प्रयोगापासून १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचं जाहीर केलं तोपर्यंत. साथरोगांचा इतिहास शिकवणारे एक वक्ते येणार आहेत. पण पहिली बैठक लसी टोचायला हिंडलेल्या आजी घेणार. दोन टोकांची सुई लसीत बुडवून दंडावर पंधरा वेळा टोचायची, ती कशी धरायची, लोक दारं लावून घ्यायचे तेव्हा काय बोलायचं, हे सगळं त्या सांगणार आहेत. वक्त्यांना त्यांचं नाव कळल्यावर त्यांनी फोन करून विचारलं, की पहिल्या बैठकीला मीही आलो तर चालेल का. आजींनी होकार दिला आहे, फक्त त्यांनी पुढच्या रांगेत बसू नये अशी अट घातली आहे.